देवाच्या बुधलीतलं घासलेट

माझ्या चुलत्यांची अर्धी मिशी मी जाळली.

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर त्या मिशीची प्रत्यक्ष साक्षीदार आहे! लग्न होऊन ती आमच्या गावात आली, तेव्हा तिला पहिल्यांदा जे काही नीट दिसलं ते हेच: सासऱ्याच्या जागी असलेला एक मोठा माणूस, त्याला डावीकडं भरघोस मिशी आणि उजवीकडं नुसतं कातडं. तिनं मला दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्यात अशीच ठेवत्यात व्हय?"

मी म्हणालो, "व्हय."

ते "व्हय" अजून घशात अडकलेलं आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. लोकांना वाटतं स्वभाव गंभीर आहे. स्वभाव कसला गंभीर! तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल, या भीतीनं मी पन्नाशीपर्यंत गप्प बसलो, एवढंच.

आमचं गाव अणदूर. तेव्हा राज्य निजामाचं, पण सोलापूर इंग्रजाचं, आणि मधे करोडगिरीचं नाकं. करोडगिरी म्हणजे जकात. सोलापूरहून काही आणा, नाक्यावर मोटारीतून उतरा, गाठोडं सोडा, सरकारचा वाटा द्या, गाठोडं बांधा, पुन्हा चढा. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग तिकडं कुठंतरी लढाई पेटली आणि इकडं आमच्या घासलेटावरचा कर चढला. काडेपेटीवर चढला, साखरेवर चढला, कापडावर चढला. लढाईचा आणि आमच्या काडेपेटीचा संबंध काय, हे गावात कुणालाच कळलं नाही. पण कर भरायला संबंध कळावा लागतो थोडाच!

गाव दिवसाउजेडी जेवायला लागलं. काडी ओढणं म्हणजे उधळपट्टी. त्यामुळं बायका शेजारच्या चुलीतला निखारा गोवरीवर घेऊन घरोघर फिरायच्या. आमच्या काकूनं चिमणीची वात इतकी खाली केली होती, की दिवा लागलाय का विझलाय हे बोट लावून बघावं लागे. एकदा मी जेवता जेवता तक्रार केली.

"काकू, ताटात काय हाय ते दिसंना."

"तोंड कुठं हाय ते ठावं हाय न्हवं? मग हात तिकडं ने!"

मोटारीची तऱ्हा आणखी वेगळी. पेट्रोल सगळं लढाईवर गेलं. जे उरलं त्याची किंमत ऐकून मालकाला घाम फुटला. त्यानं मोटारीच्या पाठीला एक लोखंडी पिंप जोडलं. त्या पिंपात कोळसा पेटवायचा, त्याच्या धुरावर मोटार चालायची. म्हणजे सपाटीवर चालायची. चढ आला की ड्रायव्हर हाक मारायचा, "उतरा मंडळी!" आणि आम्ही उतरून ढकलायचो. पूर्वी मोटार आम्हाला न्यायची. आता आम्ही मोटारीला न्यायचो, आणि भाडं मात्र पूर्वीपेक्षा जास्त! सोलापूरला गोरा गेलेला माणूस संध्याकाळी कोळशाच्या रंगाचा होऊन परत यायचा.

आणि जाडही होऊन यायचा. कारण करोडगिरी होती गाठोड्यावर, अंगावरच्या कपड्यावर नाही. सकाळी मोटारीत काडीसारखी बसलेली बाई संध्याकाळी चार लुगडी एकावर एक नेसून दोन माणसांच्या जागेवर मावायची नाही. म्हाताऱ्यांचे पटके टोपल्याएवढे व्हायचे. हे नाक्यावरच्या लोकांना दिसत नव्हतं असं नाही. पण बाईमाणसाला "लुगडी मोज" असं म्हणणार कोण?

अशा दिवसांत माझं लग्न ठरलं, आणि मला गॅसबत्तीचं वेड लागलं.

मुलगी कळंबची. तिच्या थोरल्या बहिणीच्या वरातीत म्हणे गॅसबत्त्या होत्या. (हे कुणी मला टोचून सांगितलेलं नव्हतं. बोलता बोलता कानावर आलं आणि मीच ते काळजाला लावून घेतलं.) माझी वरात मशालीच्या धुरात निघणार, आणि ती बिचारी खोकत खोकत सासरी येणार, हे मला सहन होईना. गॅसबत्ती एका मित्रानं उसनी दिली. काच धड, पंप धड. फक्त घासलेट नव्हतं.

मी आप्पांकडं विषय काढला. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते आप्पांनी. किराणा मालाचं लहानसं दुकान, थोडी जमीन, नाकात सतत तपकीर. तपकिरीनं त्यांच्या नाकाचं काम कधीच बंद पडलं होतं. घरात उंदीर मरून पडला तरी आप्पांना पत्ता नसायचा.

"आप्पा, वरातीला एक गॅसबत्ती असती तर..."

"घासलेटाचा कर बघितलास काय? त्यापरीस म्याच डोक्यावर जाळ घिऊन चालतो की वरातीपुढं!"

पुढं जे झालं ते पाहता हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

आता आप्पांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. अणदूरचा खंडोबा आमचं कुलदैवत. खंडोबापुढं दिवटी पाजळतात. दिवटी म्हणजे धातूची हातातली मशाल. तिच्यावर तेल घालायला असते ती बुधली, अरुंद तोंडाची. आमच्या घरची बुधली तांब्याची, नावाला बुधली, पण शेरभर तेल सहज पिऊन बसणारी. चंपाषष्ठीला देवापुढच्या दिवटीवर आमच्या बुधलीतलं तेल घालायचं, हा आमच्या घराचा मान होता. आप्पांना दुसरा कसलाही मान नव्हता. पाटील त्यांना बसा म्हणत नसे, सावकार त्यांना ओळखत नसे. पण वर्षातून एक दिवस सगळं गाव बाजूला होऊन त्यांना वाट द्यायचं, आणि ते बुधली दोन्ही हातांनी उचलायचे. त्या एका दिवसावर आप्पा उरलेलं वर्ष काढत.

त्या वर्षी बुधलीला चीर गेली. सोलापूरच्या तांबटाकडं ती सांधायला दिली होती. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, माझ्या लग्नाला थोडे दिवस उरले होते, आणि पाठोपाठ चंपाषष्ठी होती. मी आणि आप्पा बुधली आणायला सोलापूरला गेलो. दिवटी आप्पांनी बरोबर घेतलीच होती, कारण दिवटी सोबत असल्याशिवाय बुधली घरी आणायची नाही असा त्यांचा नेम. दुसरा नेम असा, की देवाची बुधली रिकामी घरी येत नाही. म्हणून तांबटाकडून ती घेतली की आप्पांनी लगेच घाण्यावर नेऊन ताज्या करडईच्या तेलानं तोंडापर्यंत भरली, फडक्याचा बोळा घातला, भंडारा वाहिला, आणि पिवळ्या कापडात बांधून माझ्या मांडीवर ठेवली.

"धरून बस. म्या जरा मारुतीचं दर्शन घिऊन येतो."

मी मोटार स्टँडवर बसलो. शेजारी एक भजीवाला कपाळाला हात लावून बसला होता.

"काय झालं हो?"

"तेल संपलं. भाव इचारून आलो, तवा अंगातलं रगत बी संपलं. आता ह्ये घासलेट हाय डबडंभर, स्टोची वात ह्यातच भिजवायची, पर तळू कशात? पाण्यात?"

त्याच्याकडं घासलेट होतं आणि तेल नव्हतं. माझ्याकडं तेल होतं आणि घासलेट नव्हतं.

आणि नाक्यावर देवाची बुधली कुणीही उघडून बघत नसे. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

हा सगळा विचार करायला मला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा तो इथं लिहायला जास्त लागला आहे. भजीवाल्यानं तेल ओतून घेतलं, स्टोपुरतं ठेवून बुधलीत घासलेट भरलं, वर खुशीनं मला एक द्रोण भजी दिली. मिरचीची. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं मिरची चिरली, पिठात बुडवली, आणि खंडोबाच्या तेलात सोडली. मी आजवर खाल्लेल्या सगळ्या भज्यांत ती उत्तम होती, हे सांगायला लाज वाटते. पण होती!

आप्पा परत आले. उपाशी होते. द्रोण पुढं केला.

"कांदा न्हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं. चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात कांदा शिवत नसत. आषाढात सोडलेला कांदा देवाला दाखवूनच पुन्हा तोंडात घालायचा.

"मिरचीची हायत."

आप्पांनी चार भजी खाल्ली. "तेल लई झ्याक हाय गड्याचं," म्हणाले. मी मान हलवली.

मोटार निघाली. बसायला जागा नव्हती. लुगडी नेसलेल्या बायांनीच मोटार भरली होती. एक म्हातारा टोपल्याएवढा पटका सांभाळत मान ताठ करून बसला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "घासलेटचा वास येतोय बगा कुठनं तरी."

मी बुधलीवरचं पिवळं कापड घट्ट आवळलं. पण ड्रायव्हर उसळला. "माझ्या गाडीत घासलेट? आवो, घासलेट असतं तर म्या हितं कोळसा फुंकत बसलो असतो व्हय! धूर हाय त्यो, धूर! परवडत नसंल तर चालत जावा!"

म्हाताऱ्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. आप्पांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि डोळे मिटले.

नाकं आलं. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पुढं जप्त केलेल्या मालासाठी गवतानंच शाकारलेला मांडव. नाक्याचे मुख्य अमीनसाहेब आत बसलेले. बाहेर दस्तगीर जमादार. सगळा मुलूख त्याला ओळखायचा. माणूस कडक, पण उगाच कुणाला छळणारा नव्हे. एकेकाचं गाठोडं सोडत तो आमच्यापर्यंत आला.

"क्या सिद्राम, दुल्हा होनेवाले सुना! ये क्या है गोद में?"

"देवाची बुधली हाय, जमादारसाहेब."

"मल्लूखानची?" त्यानं लगेच हात मागं घेतला, आणि मांडवाखाली जाऊन चपला काढून आला. (आमच्या खंडोबाला आमच्याकडचे मुसलमान मल्लूखान म्हणत. नवसाला दोघांनाही पावायचा, त्यामुळं नावावरून कुणाचं अडत नसे.)

मी सुटकेचा श्वास टाकला. तो पुरता बाहेरही पडला नव्हता, तोवर जमादार आप्पांसमोर हात जोडून उभा.

"आप्पा, घरवालीचा ताप काही केल्या उतरत न्हाय. हकीम झाला, वैद्य झाला. आज बुधली आपल्या पायानं नाक्यावर आली. हितंच दिवटी पाजळा की तिच्या नावानं. दोन थेंब तेल घाला."

आप्पांचा चेहरा असा उजळला, की काकूच्या चिमणीत तेवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता. चंपाषष्ठी सोडून वर्षात दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी असं विचारलेलंच नव्हतं!

"का न्हाय पाजळणार! सिद्र्या, दे बुधली."

"आप्पा, मोटार सुटंल!"

"कोळसा विझत आलाय," ड्रायव्हर म्हणाला. "तासभर तरी हालत न्हाय."

"आप्पा, वारं लई हाय!"

"आडोशाला लावू."

"आप्पा, हात धुतल्याबिगर..."

"आरं काय लावलंस रे? लग्नाच्या आधीच आक्कल गहाण टाकलीस व्हय? दे हिकडं!"

बुधली माझ्या हातातून गेली.

इथं मी बोलायला हवं होतं. "आप्पा, त्यात घासलेट हाय" एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? घासलेट जप्त झालं असतं, दंड झाला असता, आप्पांनी सगळ्यांदेखत थोबाडीत मारली असती, आणि तासाभरानं आम्ही घरी गेलो असतो. मी तोंड उघडलंदेखील. पण समोर जमादार, आत अमीन, भोवती सगळी मोटार. तोंड उघडलं तसं मिटलं.

ड्रायव्हरनं मोटारीच्या पिंपातला निखारा चिमट्यात धरून आणला. दिवटीवरचं फडकं जुन्या तेलात भिजलेलं होतं. ते शांतपणे पेटलं. आप्पांनी कपाळाला भंडारा लावला, जमादाराच्या कपाळाला लावला, "येळकोट येळकोट" म्हणाले, मागं सगळी मोटार "जय मल्हार" म्हणाली, आणि आप्पांनी डोळे मिटून, दोन्ही हातांनी, बुधली वाकडी केली.

भक्!

ज्वाळा माणसाएवढी उंच गेली. आप्पांच्या उजव्या मिशीला नमस्कार करून ती पटक्याला भिडली. जमादारानं झडप घातली, पेटलेला पटका उघड्या हातानं उपटला आणि फेकला. तो गेला थेट मांडवाच्या गवतावर! मांडव पेटला. "देव परगटला, देव परगटला!" करत एक बाई लोटांगण घालायला लागली, तिला दुसरीनं ओढलं, ओढताना वरचं लुगडं सुटलं, त्याखालचं सुटलं, त्याच्याखालचंही नवं कोरं निघालं. मग सगळ्याच बायांनी ती लुगडी भिजवून आगीवर झोडायला सुरुवात केली. कुणीतरी घागरभर पाणी मारलं ते त्या म्हाताऱ्यावर. त्याच्या पटक्यात साखर होती! पाक ओघळून दाढीतून छातीवर आला, आणि आग विझेपर्यंत तो दोन्ही हात वर करून चिकट उभा होता.

अमीनसाहेब बाहेर आले. मांडवाची राख झालेली, चारी बाजूंना करोडगिरी चुकवलेला माल वाळत पडलेला, आणि मधोमध अर्ध्या मिशीचे आप्पा, बुधली छातीशी धरून.

"ये क्या तमाशा है?"

जमादारानं आप्पांच्या हातातून बुधली घेतली. बोळा घालायला ती तोंडाजवळ नेली आणि थांबला. त्याचं नाक शाबूत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी खाली बघितलं.

"हुजूर, गलती माझी," तो अमीनाला म्हणाला. "मीच दिवटी लावायला सांगितलं. वारा आला." मग बोळा घट्ट बसवून त्यानं बुधली माझ्या हातात दिली. त्याच्या तळहाताचं कातडं सोललेलं होतं. माझ्या कानाशी वाकून तो अगदी हळू म्हणाला, "बेटा, माझ्या घरवालीसाठी होतं रे ते."

तिचा ताप उतरला का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला नाक्यावर दुसराच जमादार होता. "दस्तगीरची बदली झाली, मांडव जाळल्याबद्दल," ड्रायव्हर म्हणाला. कुठं झाली, तेही मी विचारलं नाही.

मोटार पुन्हा निघाली. चढावर सगळे उतरले, तेव्हा तेही उतरून बोडक्या डोक्यानं मोटार ढकलायला लागले. ढकलता ढकलता म्हणाले, "सिद्र्या, देवानं माझं तेल परत केलं."

"तसं न्हाय आप्पा. वारं..."

"वाऱ्यानं जाळ मोठा हुतो. असा अंगावर येत न्हाय. तीस वर्सं तेल घातलं म्या. आजच का?" त्यांनी मोटारीला आणखी जोर लावला. "माझं काय चुकलं असंल रे?"

मग ते आपली पापं आठवायला लागले. लहानपणी देवळातला नारळ पळवला होता. एकदा तराजूला बोट लागलं होतं, पण ते चुकून. काकूला एकदा रागात माहेरी जा म्हणाले होते. प्रत्येक पाप ते हातात घेऊन बघत होते आणि लहान पडतंय म्हणून बाजूला ठेवत होते. आणि मग एकदम थांबले. मोटार पुढं गेली.

"त्या भज्यात कांदा होता का?"

मी पाहिलेलं होतं. मिरची. नुसती मिरची. पण या माणसाला एक पाप हवं होतं, आणि ते सापडेपर्यंत तो शोधतच राहणार होता, आणि शोधता शोधता बुधलीपर्यंत पोचणार होता. मी म्हणालो,

"असंल आप्पा. पिठात असंल बारीक."

आप्पांनी मोठा सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात दुःख होतं, आणि थोडी सुटकाही होती. चूक सापडली होती. (लोक पाप पोटात घालतात, मी माझं काढून आप्पांच्या पोटात घातलं!)

नळदुर्गला बोरी नदी आली. आप्पा म्हणाले, "ह्ये तेल आता देवाफुडं न्यायचं न्हाय. नदीला सोडून ये." मी बुधली घेऊन खाली उतरलो. पाण्याशी उभा राहिलो. आत अजून निम्मं घासलेट होतं.

मी ते सोडलं नाही.

कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर तरी! पण माझ्या मनात आलं, इतकं सगळं झालंच आहे, तर निदान वाया तरी का जावं? काटकसरीची सवय कराच्या दिवसांत लागली ती अशी हाडात शिरली होती.

वरात निघाली. भाड्याच्या घोड्यावर मी, मागं डोली, पुढं वाजंत्री, आणि माणसाच्या डोक्यावर गॅसबत्ती! पंप मारला, ती फुसफुसली आणि पांढराशुभ्र उजेड पडला. अंधाराला सरावलेल्या गावानं "आऽऽ" केलं. पोरं डोळ्यांवर हात धरून ओरडायला लागली. माझी छाती फुगली. आणि मग त्या उजेडात गावानं इकडंतिकडं पाहिलं, आणि गावाला आप्पा दिसले.

नाक्यावरून आल्यापासून ते दिवसाउजेडी घराबाहेर पडले नव्हते. लग्नघरात सबंध मिशी काढणं म्हणजे सुतकाची खूण, म्हणून उरलेली अर्धी तशीच ठेवली होती, आणि लग्नात तोंडावर उपरण्याचा पदर धरून होते. वरातीला अंधार असेल, मशालीच्या धुरात कोण बघतंय, अशा हिशेबानं बिचारे उपरणं काढून पुढं नाचायला आले होते. माझ्या वडिलांच्या जागी तेच नाचणार होते ना!

हसण्याचा जो लोट उठला, त्यात वाजंत्री बंद पडली. आप्पा दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले. उजेडाची ऊब लागल्यासारखा एक हात हळूच मिशीच्या जागेवर गेला. मग ते वळले आणि घराकडं चालू लागले. ते गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत गॅसबत्तीनं त्यांच्यावर नीट उजेड धरला. ते दिसेनासे झाले आणि घासलेट संपलं. उरलेली वरात काळोखात निघाली. मला रस्ता दिसत नव्हता, आणि मला कुणी दिसू नये असंच वाटत होतं.

चंपाषष्ठी आली. काकूनं बुधली घासून लखलखीत केली, तेल भरलं. आप्पांनी ती हातात घेतली नाही. मला समोर बसवलं.

"आता तू."

"आप्पा, तुमचा मान हाय."

"माझ्या हातचं देवाला चालत न्हाय. तू साफ मनाचा हायस."

ती बुधली मी घेतली. गाव बाजूला झालं, मला वाट दिली. तेल घातलं तेव्हा दिवटी अशी शांत, सोन्यासारखी तेवली, की म्हातारी माणसं म्हणाली, "बघा, पोराचं पुण्य!" आप्पा मागं खांबाला टेकून उभे होते. त्यांनीही हात जोडले. देवाला का मला, ते मला समजलं नाही.

त्यानंतर आप्पांनी कांदा जन्मभर तोंडात घातला नाही. भाकरी आणि कांदा हा त्यांचा जीव होता. काकू पिठल्यात कांदा टाकायची आणि त्यांच्यासाठी वेगळं काढायची. मिशी पुन्हा आली, पण ती त्यांनी वाढू दिली नाही. दोन्ही बाजूंनी काढून टाकली. पुढं निजाम गेला, करोडगिरी गेली, नाक्यावर आता बाभळी आहेत. मोटारी पेट्रोलवर चालायला लागल्या. घासलेटाचा डबा दुकानात कुणीही उघड्यावर विकायला लागलं. ज्याच्यासाठी सगळं झालं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही, फक्त आप्पांनी पुन्हा बुधलीला हात लावला नाही.

शेवटच्या आजारात एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "सिद्र्या, देवानं माफ केलं असंल का रे मला?"

आता बोल, असं मी स्वतःला म्हणालो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कवाच केलं, आप्पा."

देवाच्या वतीनं माफी देऊन मी मोकळा झालो. स्वतःच्या वतीनं मागायची राहिली. आप्पा त्या आठवड्यात गेले.

अजून दर चंपाषष्ठीला बुधली माझ्या हातात असते. तेल घालण्याआधी मी बोळा काढतो, बुधली तोंडाजवळ नेतो, डोळे मिटतो. लोकांना वाटतं मी काहीतरी मंत्र पुटपुटतोय. एका भाविकानं मला तो मंत्र शिकवा म्हणून विनवलं. मी त्याला सांगितलं, तो मंत्र गुप्त असतो. मंत्र कसला? मी वास घेत असतो.

दस्तगीर जमादाराला मी एक चौकशी देणं लागतो. आणि आप्पांना देणं लागतो दोन वाक्यं: भज्यांत कांदा नव्हता. आणि बुधलीत तेल नव्हतं.